कासरा आणि क्लच

तात्याराव खंदारे एकतीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झाले, आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या चाकाखाली कुणाची कोंबडीसुद्धा आली नव्हती. इथं हे एका वाक्यात उरकलं. खुद्द तात्याराव सांगायला बसले म्हणजे पालमहून परभणीला जायला लागतो तेवढा वेळ जायचा आणि मध्ये पोखर्णीला चहासाठी थांबावंही लागायचं. विनाअपघात सेवेचा बिल्ला त्यांनी काचेत घालून भिंतीला लावला होता. पाहुण्याची खाट पडायची ती नेमकी त्या भिंतीसमोर. पाहुण्यानं बिल्ल्याबद्दल विचारलं नाही, तर तात्यारावच विचारायचे, "ते भिंतीला काय लावलंय, बघितलं का?"

अशा माणसाच्या गावात बायकांच्या बचत गटाला ट्रॅक्टर मंजूर झाला, तेव्हा शिकवणार कोण हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता शिकणार कोण.

एप्रिलच्या सुरुवातीला शाळेच्या व्हरांड्यात गटाची बैठक बसली. गटाच्या अध्यक्ष सुमनबाई म्हणजे तोंडाला कुलूप नसलेली बाई. त्या म्हणाल्या, "टॅक्टर आपला हाय. पण चालवायला गडी लावला की तो गड्याचा होतो. मंग आपण परत बांधावर हुभं राहून त्याची वाट बघायची. कोण शिकतंय बोला." चौदा बायका होत्या. तेरा जणींनी पदर सावरला आणि एकमेकींकडं बघितलं. तात्याराव बाहेर लिंबाखाली अगदी सहज उभे होते, म्हणजे कान आत ठेवून उभे होते. तेवढ्यात आतून ओळखीचा आवाज आला, "माझं नाव लिव्हा."

सरजाबाईचा आवाज. त्यांच्या बायकोचा. बावन्न वर्षांच्या बाईचा, जी सायकलवर कधी बसली नव्हती.

घरी जाताना तात्यारावांनी विचारलं, "कामून? हौस आली काय?"

सरजाबाई चालता चालता म्हणाली, "हौस कशाची! तीस सालं तुमी दुनियेला येळेवर पोचीवलं. माझ्या रानात टॅक्टर एक साल येळेवर आला न्हाई. घरी गडी न्हाई म्हणून माझं रान सगळ्याच्या शेवटी. पेरायचा वाफसा निघून जायचा, मी बांधावर हुभी."

तात्याराव त्या वेळी ड्युटीवर होते हे खरं, पण ते उत्तर नव्हे. त्यांनी मनात ठरवलं, हिला शिकवायचंच. आणि तोंडानं पारावर जाहीर केलं, "पंधरा दिवसांत शिकीवतो. डेपोत चाळीस पोरं माझ्या हाताखालून गेलीत." मनातलं मनात ठेवलं असतं तर पुढची अर्धी फजिती टळली असती, पण तो त्यांचा स्वभाव नव्हता.

शिकाऊ लायसन लगेच निघालं. ट्रॅक्टर मात्र गावात यायला मे उजाडला. वीस मेला पालमला लायसनच्या परीक्षेचा कॅम्प होता, पेरणीच्या आधीचा शेवटचा. बैठकीत ठरलं, त्या दिवशी सरजाबाई पास झाली तर बाकीच्या बायका तिच्या मागं शिकतील. नाही झाली तर ट्रॅक्टर यंदा भागवतच्या हातात जाईल. भागवत म्हणजे गावात दोन ट्रॅक्टर बाळगून असलेला तरणा गडी. कुणाच्या रानात आधी जायचं आणि कुणाच्या नंतर, हे आजवर तोच ठरवत आला होता. तो गालात हसला आणि "बघू की" म्हणाला.

शिकवणी सुरू झाली गावाबाहेरच्या गायरानावर. तात्यारावांची पद्धत जुनी आणि कडक. ते स्वतः ज्या उस्तादाकडं शिकले, तो उस्ताद गिअर चुकला की पान्यानं बोटांवर मारायचा. तात्यारावांनी पाना घेतला नाही, पण आवाज मात्र पान्यासारखाच. ते मडगार्डवर बसायचे आणि ओरडायचे, "क्लच दाब! गिअर टाक! पायानं रेस दे! हळू क्लच सोड!" ही ओळ त्यांनी सरजाबाईकडून पाठ करून घेतली. ती भाकरी थापताना म्हणायची, बैलांना पाणी दाखवताना म्हणायची. तिसऱ्या दिवशी अर्ध्या गल्लीला पाठ झाली. ट्रॅक्टर चालू करणं, पुढं नेणं, वळवणं हे तिला लवकर आलं. तात्यारावांना आतून भारी अभिमान वाटला. वरून ते म्हणाले, "ठीक हाय."

घोडं पेंड खात होतं ते थांबवताना.

सरजाबाईनं आयुष्यभर बैल हाकले होते. लाल कंधारी जोड, लाल्या आणि हौश्या, तिच्या शब्दाबाहेर जात नसत. बैलगाडी थांबवायची म्हणजे कासरा छातीशी ओढायचा, दोन्ही पाय गाडीच्या पुढच्या दांडीला रेटायचे आणि "हौ हौ हौ" म्हणायचं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि आता ते अंगातून काढणंही कुणाच्या हातात नव्हतं. तात्याराव "थांबव" म्हणाले की ती स्टेअरिंग दोन्ही हातांनी छातीकडं ओढायची, "हौ हौ" म्हणायची आणि दोन्ही पाय जीव खाऊन पुढं रेटायची. डावा पाय कुठंही पडो, उजवा पाय रेसवरच असायचा, कारण तो तिथंच ठेवायचा हा उस्तादाचा हुकूम होता. मग ट्रॅक्टर थांबायचा कसला, उधळायचाच.

सहाव्या दिवशी तो उधळला तो थेट भागवतच्या कडब्याच्या गंजीत घुसला आणि बंद पडला. सरजाबाईच्या डोक्यावर, मांडीवर, सगळीकडं कडबा. गायरानावर तोवर निम्मं गाव तमाशा बघायला जमलेलं होतं. भागवत ओरडला, "मावशी, येसण घाला त्याला, येसण!" लोक खदखदून हसले.

तात्यारावांना वाटलं, एकतीस वर्षांचा बिल्ला भर उन्हात उतरवून घेतला. ते खाली उतरले आणि लोकांदेखत बायकोवर ओरडले, "किती डाव सांगितलं! बैल न्हाई तो! डोक्यात दगडं भरलेत का? आडमुठी कुठली!"

सरजाबाई सावकाश खाली उतरली. केसांतला कडबा तिनं एक एक काडी काढून गंजीवर परत ठेवला. मग चालत घरी गेली. दुसऱ्या दिवशी ती गायरानावर आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

तात्याराव घरात बिल्ल्याखाली बसून राहिले. चूक कुणाची, हे त्यांना कळत नव्हतं अशातला भाग नाही, पण कळणं वेगळं आणि वळणं वेगळं.

त्यांची सून रेणुका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. नवरा धम्मपाल सोनपेठला तहसिलात कारकून, तो आठवडाभर तिकडंच राहायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत रेणुका मुक्त विद्यापीठाचं एम.ए. पुरं करत होती आणि तिला एक प्रकल्प लिहायचा होता. विषय असा की मोठी माणसं कशी शिकतात याबद्दलच्या निरनिराळ्या मतांची तुलना करायची. पुस्तकं वाचून तिनं वही भरली होती. पण गायरानावर सासू-सासऱ्यांचा जो प्रयोग चालला होता, तसा एकाही पुस्तकात नव्हता. सकाळी चहा देताना तिनं विषय काढला.

"मामाजी, एक सांगू? राग धरू नका. तुमी शिकीवता ते एक मत हाय. शिकणं म्हणजे सवय लावणं. बरुबर आलं की शाबासकी, चुकलं की शिक्षा. घोकून घोकून अंगात भिनवायचं."

"मंग? माझ्या बोटावर पाने पडले म्हणून तर कोंबडी मेली न्हाई माझ्या हातून."

"पण तुमी तवा अठरा वर्षांचे होता. कोरी पाटी. आत्याबाई बावन्नच्या हायत. दुसरं मत असं म्हणतंय की मोठा माणूस पाटी घेऊन येत न्हाई, भरलेली वही घेऊन येतो. त्याला आधी विचारायचं, तुला काय येतंय, तुला हे कशाला शिकायचंय. त्याच्या अनुभवाला मान द्यायचा. त्याच्यावर पुढचं बांधायचं."

"लय गोड बोलतंय तुझं पुस्तक," तात्याराव म्हणाले. "त्याच्यात गिअर हाय का?"

"न्हाई."

"मंग तूच शिकीव. दोन दिस दिले तुला. मी जिभेला गाठ मारून बसतो."

हे ते रागानं म्हणाले होते, पण रेणुका शिक्षिका होती, तिनं शब्द धरला. सासूची समजूत काढली, सुमनबाईंना आणि आणखी दोघींना बोलावलं, गायरानावर बाभळीच्या सावलीत सतरंजी टाकली. सगळ्यांना विचारलं, ट्रॅक्टर बघून काय वाटतं, भीती कशाची वाटते, शिकून काय करणार. बायका मोकळ्या झाल्या. वाफशाचं निघालं, भागवतचं निघालं, एकीनं तर नवऱ्याचंच काढलं. चहा झाला, पुन्हा चहा झाला. फार चांगली बैठक झाली, फक्त ट्रॅक्टर जागचा हलला नाही. शेवटी सरजाबाई उठली आणि म्हणाली, "पोरी, तुझं बोलून झालं असंल तर मी जरा गाडी हाकू का?"

तिच्यावर कुणी ओरडलं नाही. तिच्या अनुभवाला सगळ्यांनी मनापासून मान दिला. आणि त्या अनुभवानं थांबवायच्या वेळी स्टेअरिंग छातीशी ओढलं, "हौ हौ" म्हटलं आणि ट्रॅक्टर बाभळीत घातला. बायका सतरंजी सोडून पळाल्या.

त्या संध्याकाळी तात्यारावांना हसायचा पूर्ण हक्क होता. पण सुनेचा उतरलेला चेहरा बघून त्यांना हसू आलं नाही. रेणुका पायरीवर वही घेऊन बसली होती आणि काही लिहीत नव्हती.

"काय झालं तुझ्या दुसऱ्या मताचं?" त्यांनी जरा नरम आवाजात विचारलं.

"अनुभवावर बांधायचं म्हणतात," ती म्हणाली. "पण अनुभवच आडवा येत असंल तर काय करायचं, तिथं मी अडकलेय. एक मत असंबी हाय की मोठ्या माणसाला नवीन शिकायचा तरास कमी. जुनं सोडायचा तरास जास्त."

गोठ्यातून सरजाबाईचा आवाज आला. ती बैलांना वैरण टाकत होती आणि सगळं ऐकत होती. "जुनं कामून सोडायचं? तुमा दोघायला लय सोपं वाटायलंय. तुमी सोडून दाखवा की एकदा." ती दारात येऊन उभी राहिली आणि नवऱ्याकडं बघून म्हणाली, "उद्या सकाळी तुमी माझी गाडी हाका. गायरानाला एक चक्कर मारा आन् मी हुभी राहीन तिथं थांबवा. मंग मला आडमुठी म्हणा, मी ऐकून घेईन."

तात्याराव हसले. बैलगाडी! दुसरीपास पोरं हाकतात ती. पण खरं सांगायचं तर त्यांनी ती कधी हाकली नव्हती. बापाकडं रान नव्हतं, बैल नव्हते. सोळाव्या वर्षी ते ट्रकवर क्लीनर म्हणून गेले आणि तिथून एसटीत. सरजाबाईच्या माहेरानं दिलेलं रान तिनंच कसलं, तिनंच वाढवलं, बैलही तिनंच घेतले. तात्याराव रजेवर यायचे तेव्हा गाडीत बसायचे, तेही मागं.

सकाळी गाडी जुंपली. सरजाबाईनं कासरा नवऱ्याच्या हातात दिला आणि शंभर पावलांवर जाऊन उभी राहिली. गंजीच्या प्रकरणापासून गायरानावर सकाळी सकाळी बघे असायचेच. आज भागवत होता, सुमनबाई होत्या, रेणुका वही घेऊन होती.

बैल निघाले. तात्याराव ताठ बसले होते, एसटीच्या सीटवर बसावं तसे. अंतर सरलं, सरजाबाई जवळ आली. तिनं हात वर केला, "थांबवा."

तात्यारावांनी थांबवली. म्हणजे त्यांना तसं वाटलं. त्यांच्या उजव्या पायानं गाडीच्या फळीवर खाडकन ब्रेक दाबला. फळी ती फळीच. हात मात्र सैल पडले, कारण ब्रेक दाबताना स्टेअरिंग ओढायचं नसतं, हे एकतीस वर्षं त्यांच्या हातांना माहीत होतं. कासरा सैल झाला तसा बैलांना वाटलं, मालक म्हणतोय पळा. तात्यारावांनी आणखी जोरात पाय मारला. एकदा, दोनदा, तीनदा. फळी वाजली. बैल उधळले. गाडी सरजाबाईच्या शेजारून गेली, भागवतला उडी मारावी लागली, आणि बैल थेट पाण्याच्या हौदावर जाऊन मान खाली घालून पाणी प्यायला लागले. तात्याराव फळीवर अजून पाय दाबूनच बसले होते.

गायरान हसलं. सुमनबाई तर पोट धरून खाली बसल्या. भागवत म्हणाला, "तात्या, ब्रेक फेल झाला वाटतं!"

सरजाबाई मात्र हसली नाही. ती हौदापाशी आली आणि हळूच म्हणाली, "पाय बघा तुमचा."

तात्यारावांनी पाय बघितला. चप्पल निघून पडली होती. अंगठ्याची बाजू फळीवर लाल झाली होती. पाय अजून दाबतच होता, त्यांचं न ऐकता. या पायाचा त्यांना केवढा अभिमान! या पायानं माणसं वाचवली, म्हातारी वाचवली, शेळ्या वाचवल्या. आणि आज हाच पाय येड्यासारखा लाकूड दाबत बसला होता. मग त्यांच्या डोक्यात हळूहळू दुसरी गोष्ट उघडत गेली. हिला रेसवर पाय ठेवायला कुणी सांगितलं? मी सांगितलं. कामून? एसटीत तसं असतं म्हणून. ट्रॅक्टरला तर हाताची रेस असते, स्टेअरिंगच्या बाजूला दांडी. रानात सगळे गडी हातानंच रेस लावतात. भागवतसुद्धा. म्हणजे हिचा बैल आडवा आलाच नव्हता. आडवी आली होती माझी एसटी.

ते गाडीतून उतरले ते तडक ट्रॅक्टरकडं. "ये इकडं. बस वर. आता मी सांगतो ते इसर. पायाची रेस इसरून जा. ती नाहीच हाय, असं समज." त्यांनी हाताची रेस अगदी बारीक लावून दिली. मग खाली बसून त्यांनी बायकोचे पाय स्वतःच्या हातानं धरले आणि डावा क्लचच्या पुढ्यात, उजवा ब्रेकच्या पुढ्यात ठेवला. भर गायरानात त्यांनी तिच्या पायांना हात लावला, तेव्हा सुमनबाईंनी "बया!" म्हणून पदर तोंडाला लावला. तात्यारावांचं लक्ष नव्हतं. "असेच राहू दे. आता बैल हाक."

"म्हणजे?"

"म्हणजे बैल हाक. तुला येतं तसं. थांबवायचं आलं की कासरा वड, पाय रेट, हौ म्हण. मी कायबी म्हणत न्हाई."

ट्रॅक्टर निघाला. गायरानाच्या मधोमध गेला. "थांबव!" तात्याराव ओरडले. सरजाबाईनं स्टेअरिंग छातीशी ओढलं, "हौ हौ हौ" म्हणाली आणि दोन्ही पाय जीव खाऊन पुढं रेटले. क्लच आणि ब्रेक एकदम दबले. ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला, एक वीतभरही पुढं गेला नाही.

सरजाबाईनं मागं वळून बघितलं. तिला वाटलं, तो आपोआप बंद पडला. पण इंजिन चालू होतं.

"परत," तात्याराव म्हणाले. परत थांबला. दहा वेळा चालवला, दहा वेळा थांबला. अकराव्यांदा तात्यारावांना काही दिसेना, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी ते पुसलं आणि जमलेल्या लोकांकडं वळून, न लाजता, मोठ्यानं सांगितलं, "आयका समदे. चूक हिची नव्हती. माझी व्हती. मी हिला एसटी शिकवायलो होतो."

हे बोलायला त्यांना किती जड गेलं असेल, हे ज्यानं त्यांना बिल्ला दाखवताना बघितलंय त्यालाच कळेल. त्या दिवशी सरजाबाईनं त्यांच्या ताटात भाकरीवर तूप जास्त वाढलं.

राहिलेले सहा दिवस दोघांनी कंबर कसली. थांबणं पक्कं झाल्यावर पायाची रेसही आली, कारण पाय संकटात कुठं जाणार हे आता ठरून गेलं होतं. आणि पाठ केलेली ओळ वाया गेली नाही. गिअर टाकताना ती सरजाबाईच्या ओठांवर यायचीच. रेणुका रोज लिहायची, रोज खोडायची.

वीस तारखेला पालमच्या मैदानावर सकाळपासून रांग लागली होती. तरणी पोरं, दुचाकीवाले, दोन टेम्पोवाले आणि एक बावन्न वर्षांची बाई, सणाला नेसायचं पांढरं लुगडं, कपाळावर घाम. गटाच्या आठ बायका ट्रॉलीत बसून आल्या होत्या; ट्रॉली आता मैदानाच्या कडेला सोडून ठेवली होती. आणि भागवत आला होता, "बघू की" म्हणायला.

निरीक्षक साहेब मडगार्डवर बसले. तात्यारावांना चुन्याच्या रेघेमागं उभं राहायला सांगितलं. एकतीस वर्षांत गाडी सुरू आहे आणि आपण खाली आहोत, हे त्यांच्या मनाला कधी एवढं लागलं नव्हतं. सरजाबाईनं ट्रॅक्टर पुढं घेतला. वळण घेतलं, मागं घेतला, जरा वाकडा, पण घेतला. मग सरळ रेषेवर वेग आला आणि साहेब एकदम ओरडले, "थांबवा!"

आणि सरजाबाई, सगळ्या पालमदेखत, स्टेअरिंग छातीशी ओढून खणखणीत आवाजात ओरडली, "हौ हौ हौ!"

ट्रॅक्टर चुन्याच्या रेघेच्या अलीकडं हातभर थांबला. रांगेतली पोरं फिदीफिदी हसायला लागली. साहेबांनी चष्मा नीट केला. "मावशी, हे काय?"

सरजाबाईनं पाय पेडलवरून हलवले नाहीत. ती म्हणाली, "ती तोंडाची सवय हाय सायेब. तोंडाला नगा इचारू. पायाला इचारा. पाय बरुबर हाय."

साहेबांनी वाकून पाय बघितले. डावा क्लचवर, उजवा ब्रेकवर, ट्रॅक्टर जागचा हललेला नाही. साहेब हसले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर हसण्याच्या अलीकडचं काहीतरी आलं. त्यांनी कागदावर सही केली. "पास."

ट्रॉलीतल्या बायकांनी जो आवाज केला तो धान्याच्या मोंढ्यापर्यंत गेला असेल. सुमनबाईंनी तिथंच जाहीर केलं, "उद्यापासून आमी सात जणी!" भागवत मोटारसायकलला किक मारून निघून गेला. तात्याराव रेघेमागंच उभे राहिले. एकतीस वर्षांचा बिल्ला त्यांना आत्ता, या घटकेला, एक पत्र्याचा तुकडा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गायरानावर खरंच सात जणी हजर होत्या. तात्याराव सवयीनं ट्रॅक्टरकडं निघाले, तर सरजाबाई म्हणाली, "तुमी बसा खाली. मी बघते." ते बसले. रेणुकाच्या शेजारी, सतरंजीवर, शिकणाऱ्यांच्या रांगेत.

पहिली पाळी सुमनबाईंच्या सुनेची, प्रियांकाची. पोरगी चलाख, स्कूटीवर रोज पालमला शिवणक्लासला जाणारी. तिनं ट्रॅक्टर झोकात पुढं नेला. सरजाबाई म्हणाली, "थांबव." प्रियांकानं दोन्ही हातांच्या बोटांनी स्टेअरिंग आवळलं. आणखी आवळलं. ट्रॅक्टर चालतच राहिला, आणि शेवटी सरजाबाईनंच मडगार्डवरून वाकून रेस कमी केली आणि इंजिन बंद केलं.

तात्यारावांचं तोंड उघडलं होतं. एकतीस वर्षांचा आवाज घशापर्यंत आला होता. पण सरजाबाई ओरडली नाही. तिनं प्रियांकाच्या बोटांकडं बघितलं, स्टेअरिंगवर पांढऱ्या पडलेल्या बोटांकडं. मग म्हणाली, "पोरी, उतर खाली. तुझी ती स्कूटी कुठं हाय?"

"बाभळीखाली."

"आण इकडं. आदी मला चालवायला शिकीव."

बायका हसायला लागल्या. प्रियांका बावचळली. सरजाबाई लुगडं खोचून स्कूटीवर बसलीसुद्धा. तिनं स्कूटी सुरू केली, प्रियांकानं मागून तोल धरला, ती दहा हात गेली आणि थांबवायच्या वेळी तिचा उजवा पाय ब्रेक शोधत फळीवर रेटला गेला. स्कूटी थांबली नाही. प्रियांका मागून पळत ओरडली, "मावशी, हातानं! बोटानं दाबा!" सरजाबाई बाभळीच्या अलीकडं कशीबशी थांबली, उतरली आणि हसत परत आली. "कळलं," ती म्हणाली. "बस आता टॅक्टरवर. तुझी बोटं काय करत्यात ते मला कळलं."

रेणुका भराभर लिहीत होती. तात्यारावांनी तिच्या वहीत डोकावलं. तिथं मतांची नावं होती, खोडलेली, पुन्हा लिहिलेली, बाण काढलेले. मग त्यांनी गायरानाकडं बघितलं, जिथं त्यांची बायको मडगार्डवर बसून प्रियांकाचे हात हातात घेऊन काहीतरी समजावत होती.

"रेणुका," ते म्हणाले, "ह्या वहीत शिकवणाराचं नाव कुणाचं लिहिलंस?"

"तुमचं, मामाजी."

"खोड ते. सरजाबाई तात्याराव खंदारे, असं लिव्ह. माझं नाव मधी येतंय, तेवढं मला लय झालं."